खालच्या ओळीचे उंदीर

मला उंदरांची किळस आहे. पूर्वी होती, आजही आहे. आणि तरी ऐन तरुणपणातलं दीड वर्ष मी उंदरांच्या लेंड्यांत घालवलं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कुणाला वाटायला नको की बाईंना मुक्या प्राण्यांचा भारी पुळका. पुळका कसला डोंबलाचा! ओट्याखाली उंदीर दिसला तर या वयातही मी आधी किंचाळते आणि मग चप्पल शोधते. मला शिसारी बसली ती वेगळ्याच गोष्टीची, आणि त्या गोष्टीत मी स्वतः आहे.

साठ सालाच्या थोडं पुढचं हे. मी मुंबईच्या एका कॉलेजात मानसशास्त्रात एम.ए. करत होते, तेही परीक्षा देऊन नाही तर प्रबंध लिहून. पनवेलातली अशी मी बहुधा एकटीच. आमच्या सरांना उंदरांवर प्रयोग करायचे होते. कॉलेजच्या विश्वस्तांनी मात्र सांगितलं होतं की विद्येच्या मंदिरात उंदीर चालायचे नाहीत. सरांच्या मेव्हण्यांचं पनवेलला बंदराच्या रस्त्यावर भाताचं एक गोदाम होतं, ते गिरणी बंद पडल्यापासून रिकामं पडलेलं. मी पनवेलचीच. झालं, सरांनी उंदीर आणि मी यांची एकाच गोदामात सोय लावून टाकली. ते स्वतः दर शनिवारी ठाण्यावरून एस.टी.ने यायचे, रुमाल नाकाला लावून दोन तास बसायचे आणि संध्याकाळच्या गाडीने परत जायचे.

ज्या गोदामात पिढ्यान्‌पिढ्या उंदीर शिरू नये म्हणून लोकांनी मांजरं पाळली, तिथे आता पिंजऱ्यातून उंदीर आणले म्हटल्यावर गावाला हसायला निमित्तच मिळालं. माझे वडील शाळामास्तर. त्यांना रस्त्यात थांबवून लोक विचारायचे, मास्तर, मुलगी उंदरांना बाराखडी शिकवते म्हणे, मांजरांचं कॉलेज कधी काढताय? वडील बिचारे समजावत बसायचे की माणसाचं मन अभ्यासायचं तर माणसाला उपाशी कोंडून ठेवता येत नाही, म्हणून उंदीर. लोक म्हणायचे, असं होय, आणि पुढे जाऊन पुन्हा हसायचे. मला राग यायचा. आता वाटतं, हसत होते तेच बरं होतं.

प्रयोग साधा होता. सुताराने खोक्यांच्या फळ्यांचा एक चक्रव्यूह करून दिला होता, वर जाळी. एका तोंडाशी उंदीर सोडायचा, दुसऱ्या टोकाला वाटीत भिजवलेले गहू. मध्ये आंधळ्या, म्हणजे पुढे बंद असलेल्या गल्ल्या. उंदीर किती वेळात पोचतो आणि किती गल्ल्यांत चुकतो ते घड्याळ लावून लिहायचं. उंदीर घरातले काळे नव्हेत. मुंबईहून आणलेले पांढरे, लाल डोळ्यांचे, आणि शेपट्या कशा, तर नुसत्या गुलाबी गांडुळासारख्या. शी! त्यांना दिवसातून एकदाच खायला, तेही चक्रव्यूह पार पडल्यावर, कारण भूक नसेल तर उंदीर कशाला धावेल? हे वाक्य सरांचंच, पहिल्या दिवशी सांगितलेलं. मी वहीत लिहून घेतलं होतं.

सरांना सिद्ध करायचं होतं की बुद्धी रक्तातून येते. दोन माद्या होत्या, एक चपळ, एक मंद. चपळ मादीची दहा पिल्लं मोठी करून वरच्या ओळीच्या पिंजऱ्यांत ठेवली, मंद मादीची दहा खालच्या ओळीत. वरची ओळ माझ्या छातीच्या उंचीवर, खालची जमिनीपासून वीतभर. बाकी सगळं सारखं: तोच गहू, तेच पाणी, तोच चक्रव्यूह, तीच मी.

आणि तीच मावशी. पिंजरे धुवायला, भुसा बदलायला एक बाई ठेवली होती, सुकापूरहून चालत यायची. आगरी, पन्नाशीची, काळीसावळी, नऊवारीचा काष्टा घट्ट मारलेली. तिला उंदरांची घाण वाटत नव्हती आणि मला त्याचाच आधार होता. दुपारी बारा वाजता मी घरी जेवायला जायची, मावशी तिथेच गोदामात आपली शिदोरी सोडायची. तीनला येऊन मी उंदीर सोडायला घ्यायची. तिच्या तांदळाच्या भाकरीचा आणि सुकटीचा वास दुपारभर गोदामात रेंगाळायचा, तो उंदरांच्या मुतात मिसळायचा आणि माझं डोकं उठायचं. आमच्या घरात मासळी शिजत नसे, तेव्हा कुठला वास कुठला हे मला वेगळं करता येत नव्हतं.

दोन-अडीच महिन्यांत आकडे बोलायला लागले. वरची ओळ सोडली की सुसाट. खालची ओळ म्हणजे निवांत कारभार. दोन पावलं चालायचं, मिशा पुसायच्या, आंधळ्या गल्लीत जाऊन बसायचं. एक तर चक्क झोपायचा. मी चिमट्याने ढोसून ढोसून हैराण. सर मात्र खूश. दर शनिवारी माझी वही उघडून ते कागदावर दोन्ही ओळींच्या वेळांच्या दोन रेघा काढायचे, एक खाली येणारी, एक आडवी पसरलेली, आणि म्हणायचे की हे असंच असणार होतं. दर आठवड्याला मी उंदीर तागडीत घालून तोलायची; खालच्या ओळीची वजनं वरच्यापेक्षा बरीच जास्त भरायची. मी ते सरांना दाखवलं, तर ते म्हणाले, जडबुद्धीचे जीव अंगानेही जडच असतात, हेही लिहा. मी लिहिलं. अहो, हातच्या कांकणाला आरसा कशाला! माप मीच घालत होते, मग सारखं खाऊन एक ओळ फुगते कशी, हा प्रश्न कुठल्याही वाण्याला पडला असता. बी.ए. पहिल्या वर्गात झालेल्या मला तो पडला नाही.

पडला नाही की मी पडू दिला नाही, हे आज सांगता यायचं नाही. जवळच एक नवं कॉलेज निघत होतं. तिथली मानसशास्त्राची जागा सरांच्या शब्दावर मला मिळणार होती, अट एकच, जूनच्या आत प्रबंध मंजूर हवा. मला ती जागा हवी होती. नुसती हवी नव्हे, अधाशासारखी हवी होती. मास्तरांची मुलगी मास्तरीण होणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं, आणि मला प्राध्यापक व्हायचं होतं. त्यासाठी मी आणखी पन्नास उंदीर ढोसले असते.

मग एकदा मावशीला ताप आला आणि ती तीन दिवस आली नाही. पहिल्या दिवशी नाइलाजाने मी पदर खोचून पिंजरे धुवायला बसले. वरच्या ओळीत लेंड्या आणि भुसा. खालच्या ओळीत लेंड्या, भुसा, आणि कोपऱ्यात भाकरीचा वाळका पापुद्रा. पुढच्या पिंजऱ्यात सुकटीची दोन टरफलं. त्याच्या पुढच्यात पुन्हा भाकरी. मी ते सगळं चिमट्याने उचलून एका कागदात बांधून ठेवलं. 

त्या दुपारी तीन वाजता मी खालच्या ओळीचा पहिला उंदीर सोडला. तो गेला म्हणजे अक्षरशः गेला. एकाही गल्लीत न चुकता, मिशी न पुसता, सरळ वाटीपाशी. दुसरा तसाच. रोज झोपणारा तर सगळ्यांत आधी पोचला. दहाच्या दहा! इतके महिने त्यांना रस्ता पाठ होता, फक्त जायची गरज नव्हती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. वरची ओळ आणि खालची ओळ यांत आता उजवं-डावं करायला जागाच उरली नव्हती. मी सगळे आकडे नीट लिहिले, वहीच्या मागच्या पानावर. 

चौथ्या दिवशी मावशी आली, चेहरा उतरलेला. मी तिला भाकरीच्या तुकड्यांचं विचारलं, रागावून नव्हे, तरी ती जरा बिचकली. मग म्हणाली, "बाय, आमी जेवाया बसलो का पयला घास मुक्या जिवाला काढतो. घरी गाय हाय. हितं गाय नाय, म्हनून यांना घालते." मी विचारलं, मग वरच्यांना का नाही? ती माझ्याकडे बघतच राहिली, हे काय विचारणं झालं अशा नजरेने. तिने सांगितलं की घास काढायचा तो पानावर बसल्यावर. एकदा बसलं की खरकट्या हाताने उठायचं नसतं, आणि बसल्या जागेवरून तिचा हात खालच्या पिंजऱ्यांपर्यंतच पोचत होता.

इतकंच होतं ते. सरांचं रक्त, वंश, चपळ मादी, मंद मादी, सगळं एका बाईच्या हाताच्या लांबीवर उभं होतं. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं म्हणतात, आमच्याकडे आंधळं दळून वर पिठाची वजनं टिपत होतं. मला हसू यायला हवं होतं. खरं सांगायचं तर पहिला विचार आला तो जून महिन्याचा. सगळं पहिल्यापासून करायचं म्हणजे नवी पिल्लं, नवं वर्ष, आणि तोवर ती जागा दुसऱ्या कुणाची. मी मावशीला पुन्हा असं करू नका म्हटलं, पण तिचा घास काही थांबला नाही, खालची ओळ पुन्हा रेंगाळू लागली, आणि मी मूग गिळून बसले. दोन शनिवार आले नि गेले. सर रेघा काढत राहिले.

तिसऱ्या शनिवारी माझ्याने राहवलं नाही. पापुद्रे, सुकट, तीन दिवसांचे आकडे, वजनं, सगळं मी त्यांच्यासमोर ओतलं. मला वाटलं होतं ते रागावतील, वही फेकतील, निदान डोक्याला हात लावतील. त्यांनी तसलं काहीएक केलं नाही. चष्मा काढला, पुसला, आणि हे आणखी कुणाला ठाऊक आहे एवढंच विचारलं. कुणाला नाही म्हटल्यावर ते अगदी शांतपणे म्हणाले, "तिला घास घालताना तुम्ही स्वतः पाहिलंत का? नाही ना? मग ती एका अशिक्षित बाईची ऐकीव गोष्ट झाली. शास्त्रात ऐकीव चालत नाही."

मी म्हटलं, पण सर, ते तीन दिवस तर मी स्वतः पाहिलेत. त्यावर ते म्हणाले की बाई आजारी असल्यामुळे त्या दिवसांत व्यवस्था विस्कळीत होती, सबब ते दिवस गाळायचे. आणि हसले. मोठ्या माणसाने लहान मुलाला चॉकलेट द्यावं तसं हसून त्यांनी मला सांगितलं की प्रबंध उत्तम होणार आहे, तुमच्या नव्या कॉलेजच्या मंडळींशी कालच बोललोय. त्यांच्या दातांना पान लागलेलं होतं. त्या क्षणी मला त्या माणसाची जी घाण वाटली तशी कुठल्या उंदराची वाटली नव्हती. आणि तरी मी वही उघडली आणि त्यांच्यासमोर त्या तीन दिवसांवर आडव्या रेघा मारल्या. त्यांनी पेन धरून ठेवलं नव्हतं माझं. मीच मारल्या.

पुढचा शनिवार आणखी घाणेरडा होता. सरांना खालच्या ओळीचे मेंदू तोलून पाहायचे होते, मंद जिवांचे मेंदू लहान भरतात का ते. त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा आणला होता, तळाशी कापूस, वर क्लोरोफॉर्मची बाटली. एक उंदीर त्यांनी मला करून दाखवला, झाकण लावायचं आणि खरखर थांबेपर्यंत हाताने दाबून धरायचं. मग हात धुऊन ते म्हणाले, उरलेले तुम्ही करा, प्रबंध तुमचा आहे. नऊ उंदीर मी केले. शेवटचा तो झोपाळू होता. त्याला उचलला तर तो माझं बोट हुंगायला लागला, खायला आणलंय का म्हणून. मला त्या जनावराची माया नव्हती, हे मी सुरुवातीलाच सांगितलंय. पण तो मठ्ठ नाही हे मला ठाऊक होतं, आणि तो मठ्ठ म्हणून मरत होता. झाकणाखालची खरखर माझ्या तळहाताला कळत होती. 

मेंदू वरच्या-खालच्यांचे सारखेच भरले असते की कसे, हे कळायला वरच्यांचेही काढायला हवे होते. वरचे उंदीर सरांना मुलांना गोदामात आणून दाखवायला जिवंत हवे होते. तुलनेला दुसरी बाजूच नव्हती, तरी मेंदूंवर अख्खं एक प्रकरण झालं.

सोमवारी मावशी आली आणि रिकाम्या पिंजऱ्यांपुढे उकिडवी बसली. कुठे नेलं यांना, तिने विचारलं. मी सांगितलं, मारले. का म्हणून, तर मठ्ठ निघाले म्हणून. चक्रव्यूहात धावत नव्हते. ती लुगड्याच्या पदराने उगाचच एका पिंजऱ्याची जाळी पुसत राहिली.

"मठ्ठ कसं, बाय?" ती म्हणाली. "पोट भरल्याव कोन धावतो?"

मग तिच्या लक्षात आलं. ते लक्षात येताना मला तिच्या तोंडावर दिसलं, आणि मला दुसरीकडे बघावं लागलं. तिने हलक्या आवाजात विचारलं, तुम्ही साहेबाला सांगितलं नाही का घासाचं? सांगितलं, मी म्हटलं. मग, तिने विचारलं.  शास्त्रात असं असतं, मावशी, तुम्हाला नाही कळायचं, असलं काहीतरी मी बोलले. सरांचाच सूर होता तो, आणि मला तो किती सहज जमला! मावशीने पिंजरे धुतले, सगळे दहा, लख्ख, आणि दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. निरोपही नाही. मी सुकापूरला जाऊन तिला भेटावं असं मनात आलं. गेले नाही.

प्रबंध लिहून झाला. सर म्हणाले, वजनांचा तक्ता काढून टाका, उगाच पानं वाढतात. इथे मात्र मी हट्ट धरला. तो तक्ता मी शेवटच्या पानांत ठेवला. मनाशी म्हटलं, शहाणा परीक्षक असेल तर बघेल, विचारेल, आणि विचारलं तर सगळं सांगून टाकेन. आपण होऊन सांगायचं धैर्य नाही, तेव्हा कुणीतरी विचारावं म्हणून दार किलकिलं ठेवायचं, अशातली गत. त्या तक्त्यावर मी तीन महिने सज्जन म्हणून जगले.

तोंडी परीक्षा मुंबईला. बाहेरचे परीक्षक म्हातारे, पांढरा कोट, हातात काठी, बोलणं एकदम मऊ. तासभर त्यांनी इकडचं तिकडचं विचारलं. सर शेजारी बसून माझ्यापेक्षा जास्त मान हलवत होते. शेवटी म्हाताऱ्यांनी प्रबंधाची मागची पानं उलटली, एका पानावर थांबले, आणि मान वर न करता म्हणाले, "मला एकच विचारायचंय. दोन्ही ओळींना खाणं सारखंच होतं ना?"

त्यांचं बोट वजनांच्या तक्त्यावर होतं. खालच्या ओळीच्या आकड्यावर. विचारलं होतं, अगदी मला हवं होतं तेच, मला हवं होतं त्याच जागी बोट ठेवून. सरांची मान हलायची थांबली.  जून महिना पंधरा दिवसांवर आला होता.

"हो, सर," मी म्हटलं. "मी स्वतः घालत होते."

म्हाताऱ्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. त्यांना कळलं होतं. मी आयुष्यभर विद्यार्थ्यांची तोंडं वाचत आले आहे, मी सांगते, त्यांना सगळं कळलं होतं. आता ते बोलतील, आता ते दुसरा प्रश्न विचारतील, म्हणून मी वाट पाहत राहिले. त्यांनी माझ्याकडून सरांकडे पाहिलं, सरांकडून भिंतीवरच्या घड्याळाकडे, आणि मग हळूच प्रबंध मिटला. ठीक आहे, ते म्हणाले, आणि शिपायाला बोलावून चहा मागवला.

चहा आला. आम्ही तिघांनीही तो प्यायला.